पंचफुलाचा पट

“तुतारी द्या म्हन त्याले,” पंचफुला म्हणाली.

वंदनाने आधी ओलाफकडे पाहिलं, मग आईकडे. “आई, इथं तुतारी नसते.”

“मंग हाकलते कशानं?”

वंदनाने ओलाफला त्याच्या भाषेत विचारलं. ओलाफ म्हणजे आमच्या लेकीचा शेजारी. सत्तरीचा, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच माणूस. त्याच्या अंगणात बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री साखळ्यांना बांधलेली होती आणि सगळी एकदम ओरडत होती. त्याने बराच वेळ विचार केला आणि दोनच शब्द बोलला.

“तो म्हणतो, हाकलायचं नसतं. थांबवायचं असतं.”

“पाहा बाप्पा,” पंचफुला मला म्हणाली. “जनावर पयते अन् मानूस थांबवते. उलटाच मुलूक हाय हा.”

मी काही पाहत नव्हतो. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्या सोडवायला हातमोजा काढण्याची माझी हिंमत नव्हती.

आमच्या वणीकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, किंवा नुसतं पट. बैलजोडी हाकणारा तो धुरकरी, आणि त्याच्या हातातली टोकदार काठी ती तुतारी. पंचफुलाच्या बापाची पटाची जोडी होती. माझं शिलाईचं दुकान होतं. बैलातलं मला एवढंच कळायचं, की पोळ्याच्या आधी झुली शिवायला गर्दी होते.

आता पंचफुला नाही. ती जाऊन तीन पोळे झाले. ती असती तर ही गोष्ट तिनेच सांगितली असती आणि माझा भाग बराच कमी केला असता.

आम्ही नॉर्वेला गेलो ते वंदनाच्या बाळंतपणाला. जावई तिकडचाच, पण कामावर समुद्रात. वंदना तिथल्या दवाखान्यात नर्स. गाव पार उत्तरेला, जिथे त्या दिवसांत सूर्य सकाळी उशिरा तोंड दाखवून दुपारीच निघून जातो. विमानातून उतरल्यावर पहिला श्वास घेतला तेव्हा नाकातले केस कडक झाले. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. उन्हाने माणूस मरतो हे मला ठाऊक होतं. थंडीने मरायची माझी तयारी नव्हती.

मी सरळ सांगितलं, “मी आता उन्हाळा लागल्यावर बाहेर निघीन.”

“बाबा, तुमचा व्हिसा तोवर संपेल,” वंदना म्हणाली.

“मंग विमानतळावर निघीन.”

पंचफुलाचंही तेच चाललं असतं, पण एक गोष्ट झाली. लेकरू आम्ही पोचायच्या आधीच आलं होतं. दुसऱ्याच दिवशी वंदनाने त्याला दूध पाजलं, दुलईत गुंडाळलं, बाळगाडीत घातलं आणि बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. दार लावून घेतलं आणि चहा ठेवला.

पंचफुला तिच्याकडे पाहत राहिली. “वंदे, लेकरू बाहेर राह्यलं.”

“हो, झोपलंय. इथं सगळी बाळं बाहेरच झोपतात. चांगलं असतं.”

“कोनासाठी चांगलं?”

त्यावर बराच वाद झाला. शेवटी पंचफुला म्हणाली की लेकरू बाहेर तर मीही बाहेर. तिने लुगड्यावर जावयाची पँट चढवली, तीवर स्वेटर, त्यावर गोधडी, आणि खिशात कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात.

“फुला, कांदा उन्हाचा असते,” मी खिडकीतून म्हणालो.

“हवा बाधू नाही म्हून असते. इथं काय हवा नाही?”

संध्याकाळी तो कांदा खिशातून काढला तेव्हा त्याने खिळा ठोकता आला असता. पण तिने रोजचं बसणं सोडलं नाही. पहिल्या दिवशी ती लेकराच्या आधी आत आली. आठवडाभरात लेकरू उठून रडेपर्यंत बसू लागली. एकदा तिने लुगडं धुऊन बाहेर वाळत घातलं. ते असं काही गोठलं की तिला ते काखेत धरून दारातून आडवं आत आणावं लागलं. ती हसली नाही. चुलीशेजारी भिंतीला उभं करून ठेवलं आणि म्हणाली, “आता समजलं इथलं.”

काय समजलं ते मी विचारलं नाही.

त्या बसण्यातच तिने ओलाफची कुत्री पाहिली. तो रोज समोरून गाडी घेऊन जायचा. कुत्री दोन-दोनच्या जोड्यांनी जुंपलेली, एका लांब दोरीला. मागे लाकडी गाडी, तिला चाकं नाहीत, नुसत्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्यांवर ओलाफ उभा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आत येऊन म्हणाली, “त्याची उजवीकडची मागची लंगडते. त्याले सांगाले पायजे.”

वंदनाने सांगितलं. ओलाफला ते आधीच माहीत होतं. पण त्याला बाईचं नवल वाटलं असावं. त्याने तिला अंगणात बोलावलं, आणि तिने तुतारी मागितली.

तिची पहिली फेरी सांगण्यासारखी आहे. ओलाफने तिला पट्ट्यांवर उभं केलं. लाकडी दांडा दोन्ही हातांत दिला. पायाखालचा ब्रेक दाखवला. गाडी जमिनीत रुतवून ठेवायचा लोखंडी आकडा दाखवला. मग वंदनाकडून सांगवलं, “काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही. पडलीस तरी नाही.”

“आमच्याकडे पडलं तं कासरा सोडून देतेत,” पंचफुला म्हणाली. “नाही तं बैल फरफटत नेतेत.”

“इथं सोडलास तर कुत्री पुढच्या गावाला जातील आणि तू इथंच राहशील, म्हणतो.”

“बरं.”

ओलाफने आकडा उपटला. पंचफुलाने सवयीने बैलाला घालतात तशी हाळी घातली. कुत्र्यांना अशी हाळी जन्मात कोणी घातली नव्हती. ती जी सुटली, ती ओलाफच्या कुंपणातून, शेजाऱ्याच्या टपालपेटीवरून, वंदनाच्या दारासमोरून गेली. मी तोवर पापण्या सोडवायला आत गेलो होतो आणि खिडकीत उभा होतो. मला आधी सहा कुत्री दिसली, मग रिकामी गाडी उताणी दिसली, आणि मग तिच्यामागे दांडा धरून पोटावर घसरत जाणारी माझी बायको दिसली. तिने मला पाहिलं. एवढ्यातही ओरडली, “दूध उतू जाईन, पाहा.”

दूध खरंच उतू गेलं होतं.

ती परत आली तेव्हा भुवयांत बर्फ होता आणि गाल सोलले होते. वंदना रडायच्या बेतात. “आई, वय काय तुझं? हाड मोडलं असतं म्हणजे?”

“मोडलं तं तू नर्सच हायेस.”

ओलाफ काहीतरी बोलला. वंदनाने ते सांगायचं टाळलं. पंचफुलाने सांगायलाच लावलं.

“तो म्हणतो, मार्चात गावची शर्यत असते. त्याचा गुडघा गेलाय. यंदा त्याची कुत्री घरीच राहणार होती. तू नेशील का, विचारतोय.”

“मलेच काहून?”

वंदनाने विचारलं. “म्हणतो, वजन कमी आहे.”

पंचफुलाला ते कारण पटलं. माझ्या सासऱ्याने धुरकरी याच हिशेबाने निवडले होते.

त्या रात्री मी तिला समजावून पाहिलं. म्हणालो, लोक हसतील. ती म्हणाली, इथं ओळखते कोण. मी म्हणालो, मरशील. ती म्हणाली, कवातरी मरायचंच हाय. मी म्हणालो, तुला एवढं काय त्याचं? ती माझे ओले मोजे चुलीवर पालथे करू लागली.

मग म्हणाली, “आमची पांढरी जोडी आठवते तुमाले? लग्नात होती.”

“हाव.”

“ती मी तयार केली होती. पहाटे नदीच्या रेतीत मी पळवत होती. बाबा म्हने, हिचा हात हलका हाय. पटाच्या दिवशी मारोतीभाऊ बसला धुरेवर. पहिला नंबर आला. भोंग्यावर बाबाचं नाव पुकारलं, भावाचं पुकारलं. मी मागं बैलगाड्यांत पाण्याची घागर धरून उभी होती. बाईनं पटाच्या दानीत, जोड्या पयतेत त्या पट्टीत, पाय ठेवू नाही म्हनत.” तिने मोजा उलटा केला. “काही नाही. एक डाव पटात उभं राहून पाहायचं होतं. अन् नाव ऐकायचं होतं भोंग्यावर.”

चाळीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “ते मोजे सुकले असतील तं दे.”

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. लांब पळताना कुत्र्यांच्या पायांना बर्फ कापू नये म्हणून कापडी मोजे घालतात. ओलाफकडे विकतचे होते. पंचफुलाने ते नापसंत केले. तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे मी हाताने मोजे शिवले, वर काठ येईल असे. ओलाफने एक मोजा उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी पुढे जाऊन भिंतीला लागलो.

कुत्र्यांची नावं तिला उच्चारता येत नव्हती. तिने नवी ठेवली. पुढची पांढरी कुत्री ती ढवळी. तिच्या जोडीला बाण्या. बाकीच्यांनाही बैलांचीच नावं. ओलाफने हाक मारली तरी ती यायची, हिने मारली तरी यायची. दोन नावांची त्यांना काही अडचण नव्हती.

आणि मलिद्याचं तिने ठरवलं. आमच्याकडे पोळ्याला बैल दारात आला की घरधनी त्याला आपल्या हाताने खाऊ घालतो, मग घरची माणसं जेवतात. धुरकरी चारत नाही. घरधनीच चारतो. पंचफुला म्हणाली, धावून आलेल्या जनावराला दारात घरच्या माणसाच्या हातचं मिळालं पाहिजे. ओलाफ म्हणाला, कुत्र्यांना मासा आणि चरबी लागते. तेव्हा पोळ्या कुस्करून त्यात माशाचं तेल चोळायचं ठरलं. पंचफुला माळकरी. ती माशाला हात लावणार नव्हती. म्हणून ते चोळायचं काम माझ्याकडे आलं, आणि परात घेऊन दारात उभं राहायचंही.

सव्वा महिना मी ते केलं. कानाला दुपट्टा बांधून परात धरून उभा राहायचो. कुत्री लांबून मला हुंगायची, वेग वाढवायची आणि माझ्यापुढे येऊन ओळीने बसायची. मग एकेकाच्या तोंडात घास. मी पुढे अंगालाही तोच वास घेऊन फिरायचो. वंदना माझ्या हातात लेकरू देईना.

“पाहा,” पंचफुला माझ्याकडे बोट दाखवून ओलाफला मराठीत सांगायची, “ब्रेक लागत नाही आता. याइले पाह्यलं की थांबतेत.”

ओलाफ मान हलवायचा. यात पुढे काय घडणार हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव तळ्यापाशी जमलं होतं. तळं गोठलेलं, त्याला वळसा घालून परत यायचं. खांबावर भोंगा होता, अगदी आमच्या पटासारखा. पंचफुलाने भोंगा पाहिला, लुगड्याचा काष्टा पँटच्या आत घट्ट केला आणि जाऊन पट्ट्यांवर उभी राहिली. बाकीचे सगळे तरणे, रंगीत पोशाखातले. हिच्या टोपीतून अंबाड्याचं टेंगूळ वर आलेलं.

सगळ्यांना एकदम सोडायच्या आधी एकेकाचं नाव पुकारत होते. तिचा नंबर आला. भोंगा खरखरला. वंदना ऐकत होती.

“काय म्हने?” पंचफुलाने जागेवरूनच विचारलं.

“ओलाफची कुत्री, म्हणाला.”

“अजून?”

“एवढंच. इथं कुत्र्यांच्या मालकाचं नाव घेतात, आई.”

पंचफुलाने दांडा घट्ट धरला. पुढे पाहत राहिली. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, आता उतरते की काय. पण आकडा निघाला, तिने हाळी घातली, आणि गेली.

मी शर्यतीच्या रेषेच्या पुढे, बरंच पलीकडे उभं राहायचं असं ठरलं होतं, म्हणजे मला पाहून कुत्री रेषा ओलांडून माझ्यापाशी थांबतील. हे पंचफुलाचंच डोकं. मी उभा राहिलो. परात हातात. थोड्या वेळाने मिशी कडक झाली. मग पाय आहेत की नाहीत ते कळेना. रेषेच्या अलीकडे लोकांनी मोठी शेकोटी केली होती आणि कॉफी वाटत होते. एका बाईने माझ्याकडे पाहून हात हलवला. मी मनात म्हणालो, तळं मोठं आहे, ती यायला अजून वेळ आहे. जाऊन दोन घोट घेऊ आणि परत येऊ.

मी शेकोटीला पाठ लावली आणि कप तोंडाला लावला, तेवढ्यात लोक ओरडले.

तळ्याच्या वळणावर दोन गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. तिसरी पंचफुलाची होती. ती वाकली होती, दांड्यावर हनुवटी, आणि हाळी मला एवढ्या लांबून ऐकू येत होती. हिरवे पाय बर्फावर नुसते चमकत होते. मी कप टाकला आणि पलीकडे पळावं म्हणून परात उचलली. वारा माझ्या पाठीमागून तिच्याकडे चालला होता.

ढवळीने नाक वर केलं. रेषा समोर होती. ती वाटेवरून वळली, तिच्यामागे सगळी वळली, आणि शेकोटीला वळसा घालून माझ्यापुढे येऊन ओळीने बसली. पाहणारी माणसं मागे सरकली.

पंचफुला पट्ट्यांवर उभी होती. तोंडातून वाफ निघत होती.

“वंदीचे बाबा,” ती शांतपणे म्हणाली, “तुमी इथं काहून?”

“थंडी वाजत होती.”

“अन् रेषा कोठी हाय?”

“तिथं.”

“मंग पया.”

“मी?”

“तुमी नाही तं काय ते शेकोटीवाले? पया म्हनते ना. परात घेऊन पया.”

मागून चौथी गाडी येताना दिसत होती. मी पळालो. अंगावर दोन स्वेटर, जावयाचा कोट, पायांत जावयाचे बूट, आणि डोक्यावर माशाच्या तेलाची परात. मी लग्नानंतर पहिल्यांदाच पळत होतो. मागे कुत्र्यांच्या श्वासांचा आवाज, आणि त्याच्यामागे पंचफुला. ती मला हाळी घालत होती. कुत्र्यांना नाही, मला. रेषा गेली, तरी मला कळलं नाही. बुटात बूट अडकला आणि मी तोंडावर पडलो. परात उलटली. सहाही कुत्री माझ्यावर चढून मलिदा खाऊ लागली.

लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. ओलाफ दुखरा गुडघा घेऊन नाचल्यासारखं काहीतरी करत होता. वंदना धावत आली, तिने आधी मला उताणा केला आणि मग आईच्या गळ्यात पडली. “तिसरा, आई. तिसरा नंबर.”

“श्वास घेऊ दे,” पंचफुला म्हणाली आणि वाकून ढवळीच्या पायांतले मोजे सोडू लागली.

तेवढ्यात पंच आले. पिवळ्या जाकिटातली दोन माणसं. ती ओलाफशी बोलली. ओलाफ नाचायचा थांबला. हात हलवून भांडला. माणसांनी माना हलवल्या, माझ्याकडे बोट दाखवलं आणि भोंग्याच्या खोलीकडे गेली.

भोंगा खरखरला. त्यातला माणूस काहीतरी वाचत होता. मधे थांबला, अडखळला, परत सुरुवात केली आणि एकेक अक्षर जोर लावून म्हणाला, “पंचफुला वामन ढवस.”

पंचफुला सरळ झाली.

“काय म्हने तो?”

वंदनाचे डोळे भरले होते. “आई, तुला बाद केलं गं. बाबा कुत्र्यांच्या पुढे पळाले ना. बाहेरच्या माणसाने वाट दाखवली तर चालत नाही. तिसरा नंबर गेला.”

“ते राहू दे. नाव कोनाचं घेतलं?”

“तुझंच.”

“ओलाफचं नाही?”

“बाद करताना गाडी हाकणाऱ्याचं नाव पूर्ण घ्यावं लागतं म्हणे. मालकाची चूक धरत नाहीत, हाकणाऱ्याची धरतात.”

मी बर्फात बसलो होतो. म्हणालो, “फुला, माझ्यामुळं झालं.”

“तुमी उगे राहा.” तिने भोंग्याच्या खांबाकडे पाहिलं. “बाद केलं म्हंजे मी पटात होती. जो पटातच नाही त्याले कोन बाद करते?”

वंदना नाक पुसत तिच्याकडे पाहत राहिली.

“जाय,” पंचफुला तिला म्हणाली. “त्याले म्हन पुन्हा एकडाव सांग. बरोबर आयकू नाही आलं.”

“आई, सगळ्या गावासमोर तुला बाद केल्याचं परत सांगायला लावू?”

“हाव. जाय.”

वंदना गेली. खोलीच्या काचेमागचा माणूस आधी तिच्याकडे, मग आमच्याकडे पाहू लागला. त्याला काही समजलं नसावं. पण त्याने कागद पुन्हा हातात घेतला. भोंगा खरखरला. या वेळी तो अडखळला नाही. तिचं नाव त्याने सावकाश, पूर्ण, आडनावासकट घेतलं. ते तळ्यावरून पलीकडे गेलं आणि तिकडच्या डोंगरावरून थोडं उशिरा परत आलं.

पंचफुलाने मान हलवली.

“आता आलं आयकू,” ती म्हणाली.